शेठजींच्या नावाची शिवी

आमच्या ह्यांना कविता येते ती ताप आल्यासारखी येते. आधी दोन दिवस जेवणावरचं लक्ष उडतं. मग गिऱ्हाईक मिरची मागतं आणि हे गूळ फोडून देतात. तिसऱ्या दिवशी सकाळी पुड्या बांधायच्या कागदावर आठ-दहा ओळी सापडतात आणि ताप उतरतो. एक्केचाळीस वर्षं मी हे बघते आहे. स्थळ आलं तेव्हा मुलाची उंची सांगितली, दुकान सांगितलं, गोत्र सांगितलं. मुलाला हे आहे, असं मात्र कोणी बोललं नाही.

मी सुगनबाई. माहेर एरंडोलचं, सासर आमलवाड्याचं. यावल-चोपडा रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून आत गेलं की केळीच्या बागा संपतात आणि सातपुडा सुरू होतो. त्या दोघांच्या मध्ये आमचं गाव चेपून बसलेलं आहे. ह्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि त्यांनी इथे किराण्याचं दुकान टाकलं. आमलवाडे आणि नदीपलीकडचं खैरखुटे, दोन्ही गावांना मिळून आजही दुकान एकच, मिश्रीलाल शेठचं. यावलकडची माणसं एक बोलतात, चोपड्याकडची दुसरं, पाड्यावरचे पावरा लोक तिसरं आणि घरात आमचं मारवाडी चौथं. ह्यांच्या कवितेत हे बठ्ठं, सगळंच, एकत्र असतं. त्याला कोणती भाषा म्हणायची हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि मी विचारायला गेले तर म्हणतात, ओट्यावरची भाषा.

ओट्यावरून समोर डोंगर दिसतो. ह्या माणसाने डोंगरावर जितकं बघितलंय तितकं माझ्याकडे बघितलं असतं तर माझं सोनं झालं असतं. एकदा काय झालं, कवितेचा कागद चुकून मिरचीच्या पुडीला गेला आणि वर पाड्यावर पोचला. तिथली एक मुलगी आश्रमशाळेत शिकते, तिने तो मोठ्याने वाचला. आठवड्याने बाजाराला पाड्यावरच्या बाया आल्या त्या हसतच आल्या. शेठने कवितेत मोहाची फुलं झाडावरून तोडली होती. मोहाचं फूल कोणी तोडत नाही म्हणे, ते पहाटे आपण होऊन पडतं, खालून वेचायचं असतं. दुसरा एखादा कवी रुसला असता. ह्यांनी पाच दिवस दुकान माझ्या गळ्यात टाकलं आणि पाड्यावर जाऊन राहिले, रोज पहाटे टोपली घेऊन मोह वेचला, कंबर धरली तेव्हा परत आले. मग ती कविता पुन्हा लिहिली. माणूस तसा आहे. मी रागावते खूप, पण खोटं कशाला बोलू?

तर ह्या चैत्रात धुळ्याहून पत्र आलं. तिथे सातपुड्याच्या बोलींमध्ये लिहिणाऱ्या कवींचं संमेलन भरणार होतं आणि शेवटची कविता ह्यांनी वाचायची होती. शेवटची म्हणजे मानाची. पत्र पाठवणारे हितेंद्र नावाचे प्राध्यापक, कॉलेजात शिकवतात. कवितांच्या दोन छोट्या पुस्तिका ह्यांनीच छापून घेतल्या होत्या, त्यातली एक त्यांना कुठेतरी बसस्टँडवरच्या दुकानात मिळाली आणि ते वेडेच झाले म्हणे. मी म्हटलं, चला, एकाला दोघं झाले. पण मनातून मलाही आनंद झाला होता. ह्यांनी ते पत्र दिवसातून चारदा वाचलं. धोतर इस्त्रीला टाकलं, ते संमेलनाच्या एक महिना आधी. आमचा मुलगा अनुज धुळ्यातच असतो, त्याला फोन करून सांगितलं की त्या दिवशी कोणी मरो की जगो, तू पुढच्या रांगेत बसायचं.

आणि मग एका संध्याकाळी हितेंद्र सरांचा फोन आला. ह्यांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे मीही ऐकलं. सर बिचारे फार अडखळत होते. समितीतल्या एका वडीलधाऱ्या कवींनी हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं, मिश्रीलाल शेठ कविता चांगली करत असतील, पण घरची भाषा मारवाडी, पिढीजात धंदा व्यापाराचा. गादीवर बसून डोंगर बघणाऱ्याला डोंगराचा कवी कसं म्हणायचं? सर म्हणाले, भाऊ, तुम्ही गावाकडून एक पत्र आणा, की हा माणूस आमचा आहे, म्हणजे माझ्या हातात काहीतरी राहील. नाहीतर मला तुम्हाला सकाळच्या सत्रात घ्यावं लागेल.

"सकाळच्या सत्रात कोण?" ह्यांनी विचारलं.

"पाहुणे कवी," सर म्हणाले.

ह्यांनी फोन ठेवला आणि तराजू पुसायला घेतला. स्वच्छ तराजू पुन्हा पुन्हा पुसत राहिले. मला वाटलं ओरडतील, पण नाही. त्या वडीलधाऱ्या कवींचाही मला आधी राग आला, मग वाटलं, तो तरी काय चुकीचं बोलला, त्याला काय माहीत कोणाची कंबर मोहाखाली धरली होती ते. पण पाहुणे हा शब्द ह्यांना फार लागला. तीन पिढ्या, सहासष्ट वर्षांचं वय, आणि पाहुणे.

दुसऱ्या दिवशी सरपंचाला कुठून तरी कळलं. तो स्वतः चालत आला, म्हणाला शेठ, आत्ता लिहून देतो, शिक्का मारून देतो. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. मी जाम भडकले. एवढं सोपं काम, एक कागद घ्यायचा, धुळ्याला न्यायचा, त्या समितीच्या नाकावर टिच्चून मानाची कविता वाचायची. मी म्हटलं, काय बिघडलं घ्यायला?

तेव्हा ते बोलले. आवाज न चढवता बोलले, म्हणून मला जास्त लागलं.

"सरपंच काय लिहील? मी इथे राहतो. ते तर रेशनकार्डावरही आहे. गावाला मी आपला वाटलो असतो ना सुगन, तर चाळीस आखाजी झाल्या, एका आखाजीला तरी नदीवर माझ्या नावाची शिवी आली असती."

इस्त्रीचं धोतर त्यांनी कपाटात खाली, जुन्या पोत्यांच्या बाजूला ठेवून दिलं. पेन दुकानाच्या गल्ल्यात टाकलं. मी आत स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती शिवी का येत नव्हती हे दोन्ही गावांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, फक्त ह्यांना नव्हतं.

आता ही शिवीची भानगड सांगावी लागेल. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आमरस आणि सांजोऱ्या. घरोघर गौराई बसवलेली असते आणि दुसऱ्या दिवशी ऊन कललं की तिला बोळवायला बाया नदीवर जातात. नदी त्या दिवसांत कोरडी ठक्क. अलीकडच्या काठाला आमलवाड्याच्या बाया, पलीकडे खैरखुट्याच्या. गौराई पोचवून झाली की सुरू होतं. ह्या काठाने त्या काठाला गाण्यातून शिव्या द्यायच्या, नाव घेऊन, घर काढून. त्या काठाने उलट द्यायच्या. मधून ढेकळं फेकायची. पुरुष चिंचेखाली उभे राहून बघत नसल्यासारखं बघतात. तासभर हे चालतं आणि मग दोन्हीकडच्या बाया नदीच्या मधोमध भेटून एकमेकींना सांजोऱ्या भरवतात. कोणाचं नाव गाण्यात आलं की तो वर्षभर मिरवतो. म्हातारा झुंजारभाऊ आजारी होता तर त्याने निरोप पाठवला होता, यंदा मला विसरू नका.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी एकोणीस वर्षांची. एरंडोलला आमच्या जैन घरी आखाजी म्हणजे वर्षीतपाचं, वर्षभराच्या उपासांचं पारणं, उसाचा रस, देरासरात देवदर्शन करून आलं की संपलं. नदीवर जायची आमच्यात पद्धतच नव्हती. सासूबाई घरी थांबल्या आणि मला शेजारणींबरोबर बघायला पाठवलं. पलीकडून खैरखुट्याची एक तगडी बाई पुढे आली आणि तिने हात हलवून गायलं, की एरंडोलच्या बाजारात हा माल खपला नाही, म्हणून उचलून आमलवाड्याच्या शेठच्या दुकानात आणून टाकला. नदी हसली. आमच्याच काठाच्या बाया टाळ्या पिटत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रडत घरी आले, दार लावलं, जेवले नाही, उद्याच्या गाडीने माहेरी जाते म्हणाले. सासूबाई घाबरल्या. त्यांनाही वाटलं सुनेचा घोर अपमान झाला. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. ऐन आखाजीत, घरोघर लेकीजावई आलेले असताना, दोन गावांना दोन दिवस साखर नाही आणि चहा नाही.

तिसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया नारळ घेऊन आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, चुकलं, शेठच्या घराचं नाव पुन्हा घेणार नाही. आणि खरंच पुन्हा घेतलं नाही. हे तेव्हा माल भरायला जळगावला गेले होते. परत आले तेव्हा सगळं शांत झालं होतं, आणि मी त्यांना ह्यातलं अवाक्षर बोलले नाही. आधी रागाने नाही बोलले. दोन-तीन वर्षांनी रीत समजली तेव्हा लाजेने नाही बोलले. आणि हा माणूस दर आखाजीला चिंचेखाली कान देऊन उभा राहायचा आणि गप्प घरी यायचा. मला वाटायचं उन्हाने दमले असतील.

आखाजीला बारा दिवस उरले होते. मी पायात चपला घातल्या आणि झुंबरबाईकडे गेले. झुंबरबाई ही आमच्या काठाची म्होरकी. सत्तरीची आहे, दात चार उरलेत, पण तिने सुरू केलं की पलीकडच्या बाया पदर कमरेला खोचतात. अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या आखाजीचं तिला माझ्याहून चांगलं आठवत होतं, पण ह्यांना आजवर माहीत नाही हे ऐकून ती पापड हातात धरून हसत राहिली. मला रडू आलं. मग ती थांबली.

मी म्हटलं, अक्का, ह्या वेळी पलीकडे निरोप दे, ह्यांच्या नावाची एक शिवी घाला म्हणावं. हवं तर मी सांजोऱ्यांचं सगळं सामान देते.

झुंबरबाईने मान हलवली.

"इकत भेटनारी चीज नही शे ती, शेठाणी. ज्या घरनी बाई नदीमा उतरी नि शिवी देस, त्याच घरले शिवी भेटस. तू काठवर उभी बी ऱ्हायनी नही चाळीस साल. तुले उतरनं पडी."

मी म्हटलं मी साठीची बाई, सून आलेली, आयंबिलाचे उपास करणारी, मी शिव्या देऊ? ती म्हणाली मग राहू दे. आणि पुन्हा पापडाकडे वळली. अशी आहे ती.

म्हणून मग रोज दुपारी, हे झोपले की, मी झुंबरबाईच्या गोठ्यात जायला लागले. घरी सांगितलं पापड लाटायला जाते. ते दहा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या दिवशी मी जी शिवी रचली तिच्यात 'अहो' होतं. झुंबरबाई म्हणाली, हे तर लग्नाचं आमंत्रण झालं. दुसऱ्या दिवशी जमलं पण आवाज निघेना. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून काय हवं भाऊ, काय हवं ताई असं गोड बोलून माझा गळाच मऊ पडला होता. तिने मला म्हशीला शिव्या द्यायला लावल्या. म्हैस रवंथ करत बघत राहिली. कोणाला शिवी द्यायची हेही ठरवायचं होतं. मी एकदोन नावं सुचवली तर झुंबरबाईने विचारलं, तिचं घर पाहिलंस का, तिच्या दारात काय आहे, ती रागावली की काय करते? मला काहीच सांगता येईना. त्या बाया माझ्या दुकानात चाळीस वर्षं येत होत्या, आणि मी त्यांच्या दारात एकदाही गेले नव्हते. अनोळखी माणसाला शिवी देता येत नाही, असं झुंबरबाईने मला सुनावलं. आधी ओळख वाढव म्हणाली.

मग मी पापडाचा डबा घेऊन नदी ओलांडून खैरखुट्याला गेले. चारुलता तिकडची म्होरकी, अंगणवाडी चालवते. ज्या तगड्या बाईने मला पहिल्या आखाजीला शिवी दिली होती तिचीच ही सून. सासू आता नाही. मी अंगणवाडीच्या दारात उभी राहिले तर ती दचकली, वाटलं दुकानाचं काही बोलायला आले. मी तिथे तासभर बसले. पोरांचा गोंधळ पाहिला, तिची खिचडी खाल्ली. येताना मनाशी म्हटलं, बाई गं, माफ कर, आता मी तुला सोडत नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी हे नदीवर यायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, मला झुंबरबाईला हात धरून न्यायचं आहे, तिला चालवत नाही, तुम्ही काठापर्यंत या. सपशेल खोटं, ती माझ्या पुढे पळत होती. हे चिंचेखाली जाऊन उभे राहिले, तोंड डोंगराकडे करून.

गौराई पोचवून झाली. झुंबरबाईने सुरुवात केली, पलीकडून उत्तर आलं, ढेकळं उडायला लागली, सगळं दरवर्षीसारखं. मग झुंबरबाईने मला कोपर मारलं. मी पदर कमरेला खोचला आणि काठ उतरून नदीच्या वाळूत गेले. एकटीच. दोन्ही काठांचा आवाज एकदम बंद पडला. आमच्या बायांना वाटलं मी चुकून घसरले. मी पलीकडे बोट केलं आणि गोठ्यात म्हशीपुढे घोकलेलं सोडून दिलं:

खैरखुट्यानी चारू अंगणवाडी उघडस,
पोरे रडतस नि हाई घोरत पडस.

कोणी हसलं नाही. रीत अशी की शिवीमागे ढेकूळ फेकायचं, आणि माझा हात काही ढेकूळ उचलेना. आम्ही मुंगीसुद्धा वाट देऊन चालणारी माणसं, ढेकूळ कोणाला लागलं म्हणजे? म्हणून मी घरूनच पदरात गुळाचे खडे बांधून आणले होते. एक खडा काढला आणि फेकला. तो चारुलताच्या पायाशी पडला.

तिने तो उचलला. वास घेतला. मग तिने पलीकडून, माझ्या डोक्यावरून, चिंचेखाली बघितलं. हे आता डोंगराकडे बघत नव्हते. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. चारुलता त्यांच्याकडे बघत तशीच उभी राहिली आणि माझ्या मनात आलं, संपलं, ही आता हात जोडेल, चुकलं शेठाणी म्हणेल, आणि पुढची चाळीस वर्षंही अशीच जातील. चारुलताने गुळाचा खडा तोंडात टाकला, पदर खोचला आणि काठ उतरून वाळूत आली:

आमलवाडाना मिश्या दुकानमा बसस,
डोंगरकडे दखस नि एकलाच हसस.
मिरची मांगी त्याले तं देस हाऊ गूळ,
सातपुडानं लागनं या येडाले खूळ.

नदी फुटली. दोन्ही काठ, पुरुष, लेकीबाळी, सगळे. मिश्या. ह्यांच्या आईनंतर त्यांना कोणी मिश्या म्हटलं नव्हतं. मी वळून बघितलं. शेठजी चिंचेच्या बुंध्याला टेकले होते, टोपी हातात आली होती, हसत होते आणि डोळे गळत होते, आणि शेजारी उभा असलेला सरपंच त्यांच्या पाठीवर गुद्दे मारत होता. मला कळेना हसू की रडू. तेवढ्यात चारुलताने माझ्याकडे बोट वळवलं आणि दुसरी सुरू केली. एरंडोलनी सुगन, नाक तिनं वर, एक शिवी लागनी नि बंद करं घर, इथवर मला ऐकू आलं. पुढच्या दोन ओळी होत्या, पण झुंबरबाईने मागून येऊन अशी आरोळी दिली आणि बायांनी मला असं उचललं की त्या काही माझ्या कानावर पडल्या नाहीत. मग सांजोऱ्याच सुरू झाल्या. चारुलताने मला भरवताना माझ्या गालाला गूळ फासला.

संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर ह्यांनी विचारलं, बंद करं घर म्हणजे काय गं? मला वाटलंच होतं. सांगून टाकलं सगळं, कुलूप, नारळ, चाळीस वर्षं. सांगताना त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मीही डोंगराकडे बघितलं. तेव्हा समजलं की त्याच्याकडे बघण्यात सोय फार आहे.

ते म्हणाले, "मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे. ते मला गाण्यात घेत नव्हते, म्हणून मी माझं माझं लिहीत बसलो."

मला आधी वाईट वाटलं. पण मी काही फार वेळ वाईट वाटून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, म्हणजे तुम्ही कवी झालात ते माझ्यामुळे झालात, आता तेवढे उपकार माना आणि ते धोतर पोत्यांतून काढा. त्यांनी गल्ल्यातून पेन काढलं आणि पुडीच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. कविता आली असेल म्हणून मीही बघितलं नाही.

आठ दिवसांनी आम्ही धुळ्याला गेलो. चोपड्याला बस बदलली, अमळनेरला पुन्हा बदलली, आणि धोतराची इस्त्री पारोळ्याच्या रस्त्यावर मोडली. नाट्यगृह भरलेलं होतं. हितेंद्र सर दाराशीच भेटले आणि हळूच म्हणाले, भाऊ, गावाचं पत्र आणलंय ना? ह्यांनी खिशातून तो पुडीचा कागद काढून दिला. सरांनी वाचला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, हे मी स्टेजवर कसं वाचू? आमचे हे म्हणाले, शिक्का नाही त्यावर, पण दोन गावं साक्षीला आहेत, वाचा.

सर संध्याकाळी माईकपाशी उभे राहिले आणि म्हणाले, शेवटचे कवी, त्यांचा परिचय त्यांच्या गावाने लिहून दिला आहे. आणि वाचलं, आमलवाडाना मिश्या. 'येडाले' या शब्दाशी त्यांची जीभ अडखळली, पण ही आखाजीची शिवी आहे हे तोवर नाट्यगृहाला कळलं होतं. आमच्या बाजूच्या खेड्यांतून आलेल्या बाया तर जागेवरून उठल्या. पहिल्या रांगेत ते हरकत घेणारे वडीलधारे कवी बसले होते, मला अनुजने बोट करून दाखवले. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मग आपल्या हातातली पाण्याची बाटली त्याने उठून स्टेजवर ह्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

हे माईकपाशी आले. मला वाटलं आता मोहाची कविता म्हणतील, ती पाठ आहे. पण ते म्हणाले, आधी दुसरा परिचय राहिलाय, मला कवी जिने केलं तिचा. आणि माझ्याकडे बघून, कागद न बघता म्हणाले:

एरंडोलनी सुगन, नाक तिनं वर,
एक शिवी लागनी नि बंद करं घर.
चाळीस सालना राग गिळी बसनी,
आज उनी नदीवर, तवय आमनी दिसनी.

आमनी, म्हणजे आमची. नदीवर आरोळीत माझ्या कानावरून गेलेला शब्द हा होता. मी तिथे गेले होते ह्यांच्या नावाची शिवी आणायला, आणि चारुलताने न मागता माझीही दिली होती. माझ्या चष्म्यावर धुकं आलं. जिनल, माझी सून, कानाशी म्हणाली, मम्मी, टाळ्या वाजवा की, सगळे तुमच्याकडे बघताहेत. एक्केचाळीस वर्षांत मी आमच्या ह्यांच्या एकाही ओळीला टाळी दिलेली नव्हती. त्या दिवशी वाजवली, हात लाल होईस्तोवर वाजवली, आणि ओळ त्यांची नव्हतीच, खैरखुट्याच्या चारूची होती.